नागदीपाची वाट



श्रीलंका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अनुराधपूरचा बोधिवृक्ष येतो, कँडीचे दंतधातूचे विहार येते. यात्रा कंपन्याही बहुधा तेवढेच दाखवून माणसे परत आणतात. परंतु त्या देशाच्या उत्तर टोकाला, जाफना शहराच्याही पलीकडे, समुद्रात एक चिमुकले बेट आहे. सिंहली लोक त्याला नागदीप म्हणतात, तमिळ लोक नैनातीवू म्हणतात. आकार म्हणाल तर चार चौरस किलोमीटरच्या आसपास. वस्ती दोन-तीन हजारांची आणि तीही बहुतेक तमिळ. ताडाची झाडे, पांढरी वाळू, चहूकडे उथळ हिरवे पाणी. २०१२ च्या फेब्रुवारी महिन्यात आम्ही उभयता या बेटावर जाऊन आलो. पुष्कळ भगिनींनी त्याविषयी विचारले, म्हणून आजच्या सदरात तीच हकिगत सांगते.

प्रथम त्या बेटाची कथा सांगितली पाहिजे. महावंस या पाली ग्रंथात तथागतांच्या लंकेतील तीन भेटी वर्णिल्या आहेत. पहिली महियंगणला, दुसरी नागदीपाला आणि तिसरी कल्याणीला, म्हणजे आजच्या केलनियाला. दुसऱ्या भेटीचे कारण भांडण होते. महोदर आणि चूळोदर हे दोन नाग राजे, नात्याने सख्खे मामा-भाचे. एका रत्नजडित आसनावरून दोघांत वैर पेटले आणि सैन्ये समोरासमोर उभी राहिली. संबोधिप्राप्तीनंतर पाचव्या वर्षी तथागत तेथे आले, दोन्ही सैन्यांच्या मधोमध थांबले आणि त्यांनी उपदेश केला. मामा-भाच्याने शस्त्रे खाली ठेवली आणि ज्या आसनावरून रक्त सांडणार होते, ते आसन तथागतांनाच अर्पण केले.

आकाशमार्गाने येणे वगैरे ग्रंथातील वर्णन आपण इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धी वापरायला शिकविले आहे. परंतु कथेतला बोध बुद्धीला पटणारा आहे. शिवाय नाग हे नाव आपल्याला परके नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, धम्माचा प्रसार करणारे ते नाग लोक, आणि म्हणून दीक्षेसाठी नागपूर निवडले. आमच्या विहारात वर्षावासात ही नागदीपाची कथा वाचली गेली आणि तेव्हापासून आमच्या यांच्या मनाने घेतले. "निवृत्तीचे पैसे आले की आधी तिकडे जायचे," असे ते म्हणू लागले. हे रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. गुडघे दुखणारे, पण मनाने पक्के. माझी भिशी त्याच वर्षी लागली होती. मुलांनी विरोध केला, "तिकडे नुकतेच युद्ध संपलेय, आई." मी म्हटले, संपलेय म्हणूनच जायचे.

पूर्वी ही वाट सोपी होती. मद्रासच्या एग्मोर स्टेशनातून बोट मेल सुटे, धनुष्कोडीला उतरून आगबोटीने तलैमन्नारला जाता येई. १९६४ च्या डिसेंबरात चक्रीवादळाने धनुष्कोडी पार पुसून टाकली. पुढे रामेश्वरहून बोट सुटत असे, ती युद्धामुळे १९८० च्या दशकात बंद पडली. म्हणून आम्ही समुद्राचा तेवढा तुकडा विमानाने ओलांडला. बाकी सारा प्रवास जमिनीवरून, आपल्या ऐपतीप्रमाणे. व्ही.टी.हून चेन्नईपर्यंत एक दिवस-एक रात्र सेकंड क्लासच्या स्लीपरमध्ये. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि यांच्या गुडघ्याचे तेल.

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनातून सकाळी गाडी धरली. त्या वेळी उत्तरेची रेल्वे जाफन्यापर्यंत जात नव्हती. १९९० मध्ये ती तुटली होती आणि मधल्या वर्षांत रूळसुद्धा उखडले गेले होते. आम्ही वावुनियापर्यंत गेलो. यांनी सारी हयात डबे दुरुस्त करण्यात घालविलेली, त्यामुळे खिडकीतून बाहेर पाहण्याऐवजी ते डब्याचे सांधेच पाहत होते. वाटेत अनुराधपूर आले. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरी हिने आणलेल्या बोधिशाखेचा तो वृक्ष. तेथे एक रात्र मुक्काम केला. लहानपणापासून जिचे नाव घेतले, ती बाई समुद्र ओलांडून येथे आली होती, हे त्या झाडाखाली बसल्यावर प्रथमच खरे वाटले.

वावुनियापासून खरी परीक्षा सुरू झाली. जाफना तेथून सुमारे १४० किलोमीटर. लाल रंगाची सरकारी बस, माणसे दारापर्यंत कोंबलेली. रस्त्याचे काम चालू, त्यामुळे लाल धुळीने केस, पापण्या सारे रंगून गेले. ओमंताईच्या लष्करी नाक्यावर सर्वांना खाली उतरविले. पासपोर्ट तपासले, वहीत नावे लिहिली. हे उन्हात रांगेत उभे आणि मी पिशवी पोटाशी धरून. आमच्या पुढे एक तमिळ आजी होती. शिपायाने विचारण्याआधीच तिने आपली पिशवी उलटी करून दाखविली. वर्षानुवर्षांची सवय होती ती. आपल्याच गावी जाताना पिशवी उलटी करून दाखवायची सवय.

तेथून पुढे जे दिसले, ते लिहिताना आजही हात थबकतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल पाट्या, त्यांवर कवटीचे चित्र, म्हणजे आत भूसुरुंग आहेत, पाऊल टाकू नका. छप्पर उडालेली घरे, गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती. शेंडे तुटलेले ताड नुसते खांबांसारखे उभे. किलिनोच्चीला पाण्याची प्रचंड टाकी आडवी पडलेली. माघार घेताना वाघांनी, म्हणजे एलटीटीईने ती उडविली होती. युद्ध १९८३ ला पेटले आणि मे २००९ मध्ये संपले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-समितीने २०११ मध्ये म्हटले की, केवळ शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असू शकतात. आकडा वाचणे वेगळे आणि त्या मातीतून बसमध्ये उभे राहून जाणे वेगळे.

जाफन्यात आम्ही दोन दिवस राहिलो. लाल माती, लाल कांदा, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरी, ताडगूळ घालून दिलेला चहा. गाव मोठे गोड. तेथले सार्वजनिक ग्रंथालय पाहायला यांनी हट्टाने नेले. पांढरीशुभ्र इमारत. ३१ मे १९८१ च्या रात्री हे ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७,००० पुस्तके आणि ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्या राख झाल्या. जाळणाऱ्या जमावात गणवेशातले पोलीसही होते. आता नवी इमारत आहे, नवी पुस्तके आहेत, पण गेलेल्या पोथ्या गेल्या त्या गेल्याच. ज्यांच्या बापाने पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्या आपल्या लोकांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. हे बराच वेळ वाचनकक्षाच्या दारात उभे होते. मग म्हणाले, "अगं, जाळणारे स्वतःला बौद्ध म्हणवत असतील का?" मी उत्तर दिले नाही.

भगिनींनो, हा प्रश्न आपण टाळू नये. १९५६ हे साल पाहा. बुद्धजयंतीची २५०० वी. त्या वर्षी श्रीलंकेत सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला आणि तमिळ माणूस स्वतःच्या देशात परका झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो पददलितांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. एकच साल, एकच तथागत. एकीकडे सत्ता असलेल्यांनी धम्माचे नाव घेऊन दुसऱ्याची जागा हिरावली. दुसरीकडे ज्यांना जागाच नव्हती, त्यांना धम्माने माणूस म्हणून उभे केले. पुढे १९७२ च्या तेथल्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. धर्माला अग्रस्थान मिळाले, करुणेला मिळाले का?

दोष एकाच बाजूचा होता असे मात्र कोणी समजू नये. १९८७ मध्ये अरंतलावा येथे वाघांनी बस अडवून भिक्खू आणि लहान श्रामणेर कापून काढले. १९९० मध्ये त्यांनीच जाफन्यातल्या मुसलमानांना अवघ्या दोन तासांत घरे सोडायला लावली. १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातू विहारावर बॉम्ब फोडला. आणि तमिळ समाजातही जात होतीच. १९६८ मध्ये मावित्तपुरमच्या कंदस्वामी मंदिरात जाऊ पाहणाऱ्या अस्पृश्य तमिळांना दारात अडवून मारले गेले. म्हणजे काळाराम तेथेही होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे बेटाकडे निघालो. जाफन्याहून बस आधी वेलनै आणि मग पुंगुडुतीवू या बेटांवरून जाते. बेटांना जोडणारे बांध आहेत. दोन्ही बाजूंना गुडघाभर पाणी, त्यात मासे धरण्यासाठी काठ्यांची कुंपणे रोवलेली आणि मधून अरुंद, खड्ड्यांनी भरलेला रस्ता. एका खड्ड्यात बस अशी आदळली की यांचा डबा वरच्या फळीवरून थेट एका म्हातारबुवांच्या मांडीवर. म्हातारबुवांनी तो उघडून पाहिला, वास घेतला आणि हसून परत दिला. रस्त्याच्या कडेला ओस पडलेली घरे. त्यांच्या अंगणात बाभळी माजलेल्या. मालक कुठे कॅनडात, कुठे लंडनात, कुठे मातीत.

कुरिकट्टुवान या धक्क्यावर बस संपली. तेथून लाकडी होडी, वीस मिनिटांची वाट. सांगायला सोपे, पण होडीत वर बसायला जागा नव्हती. वाकून खाली पोटात शिरायचे आणि डिझेलच्या वासात एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. आमच्यासमोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या सिंहली उपासिका, हातात निळी कमळे. त्यांच्या शेजारी रेशमी साड्यांतल्या तमिळ बायका, हातात नारळ आणि मोगऱ्याचे गजरे. बेटावर दोन स्थाने आहेत, एक नागदीप विहार आणि दुसरे नागपूषणी अम्मनचे मोठे गोपुर असलेले देऊळ. दोघींच्याही नावात नाग. लाट आली की सगळ्या बायका एकदम एकमेकींना धरीत. तेव्हा कोण सिंहली आणि कोण तमिळ हे कोणी पाहत नव्हते.

माझ्या शेजारी निवृत्त शिक्षिका होत्या. तमिळ, इंग्रजी बरे बोलणाऱ्या. मी त्यांना अक्का म्हटले. हा शब्द दोन्हीकडे चालतो. त्यांनी विचारले, "तुम्ही इंडियातल्या. मग अम्मनला?" मी सांगितले, आम्ही बौद्ध, विहारात जाणार. त्यांचा चेहरा मिटला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग तुम्ही त्यांच्याच." हे माझ्या पलीकडे बसले होते. आपल्या मोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, "अक्का, आमच्याकडे ज्यांना सार्वजनिक तळ्याचे पाणी नाकारले होते, ते लोक बौद्ध झाले. आमच्याकडे सैन्य नाही, सरकार नाही. आमच्याकडे फक्त पुस्तक आहे."

अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. धक्का जवळ आला तेव्हा हळूच म्हणाल्या, "आमच्यातही तसे होते. विहिरी वेगळ्या होत्या. शेवटी शेवटी सगळे एकाच तंबूत झोपले, तेव्हा थोडे कमी झाले." त्यांच्या भावाचा मुलगा २००९ पासून सापडलेला नाही. त्याचा फोटो त्यांच्या पर्समध्ये होता, प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्यांनी तो मला दाखविला आणि पुन्हा आत ठेवला. उतरताना ताडगुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. त्या अम्मनकडे वळल्या, आम्ही विहाराकडे.

विहार साधे आहे. चांदीच्या रंगाचा स्तूप, बोधिवृक्ष, वाळूचे अंगण. नौदलाचा पहारा होता. झाडू मारणारा शिपाई वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, दक्षिणेकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आम्हाला पाणी आणून दिले. पगाराचे पैसे आईला पाठवितो, म्हणाला. गरिबाची पोरे बंदूक घेतात आणि गरिबाचीच पोरे बेपत्ता होतात, हे दोन्ही मी एकाच सकाळी पाहिले. आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. "पाणातिपाता वेरमणी" म्हणताना यांचा आवाज अडखळला. आजवर हजारदा म्हटलेले शब्द, पण त्या जागी त्यांना वजन आले.

विहाराच्या सावलीत बसलो असता हे मणिमेकलैविषयी सांगू लागले. तो तमिळ भाषेतला प्राचीन बौद्ध काव्यग्रंथ आहे. त्यातही एका बेटावरचे बुद्धासन आहे, त्यासाठी भांडणारे दोन नाग राजे आहेत आणि भांडण मिटविणारे तथागत आहेत. ते मणिपल्लवम् बेट म्हणजे हेच नैनातीवू, असे बरेच अभ्यासक मानतात. त्याच बेटावर मणिमेकलैला कधीही रिकामे न होणारे भिक्षापात्र मिळते आणि ती भुकेल्यांना जेवू घालते. म्हणजे पालीत सांगितलेली गोष्ट तमिळमध्येही सांगितली गेली. धम्म एके काळी तमिळही बोलत होता. कंदरोडै येथे छोट्या छोट्या दगडी स्तूपांचा पुंजका आजही आहे. तो कोणाचा, यावरूनही आता वाद घालतात. आसनाचे भांडण संपलेच नाही, फक्त भांडणारे बदलले.

परतीच्या होडीत अक्का पुन्हा भेटल्या. त्यांनी यांना विचारले, "तुमच्या बुद्धाने त्या दोन राजांना काय सांगितले?" यांनी उत्तर दिले ते मला फार आवडले. म्हणाले, "काय सांगितले ते मला पाठ नाही, अक्का. पण ते कोणाच्याही बाजूला उभे राहिले नाहीत, मध्ये उभे राहिले. आणि आसन मिळाल्यावर ते उचलून घरी नेले नाही." महावंसात तसेच आहे. तथागतांनी ते आसन नागांनाच परत दिले, वंदनेसाठी.

आता ही वाट पुष्कळ सोपी झाली आहे. १३ ऑक्टोबर २०१४ पासून रेल्वे पुन्हा जाफन्यापर्यंत जाऊ लागली. २०१९ मध्ये चेन्नईहून जाफन्याला विमान सुरू झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात तमिळनाडूतील नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैपर्यंत प्रवासी बोट निघाली. ती हवामानाप्रमाणे अधूनमधून बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. जाणाऱ्या भगिनींनी साधे पांढरे सुती कपडे न्यावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तेथे तो गुन्हा समजतात. बरोबर पाणी, टोपी आणि पायांना मऊ चप्पल असावी. आणि निदान अर्धा दिवस जाफन्याच्या ग्रंथालयासाठी ठेवावा. विहार पाहून ग्रंथालय न पाहता परतणे म्हणजे अर्धीच यात्रा.

एक शेवटचे. मामा-भाचा आसनासाठी भांडले, हे ऐकून आपण हसतो. पण आपल्या वस्तीत पाहा. बापाच्या दहा बाय बाराच्या खोलीवरून भाऊ भावाचे तोंड पाहत नाही. पुनर्वसनात मिळालेल्या घरावरून बहीण कोर्टात उभी आहे. आईच्या पेन्शनवरून सणाला चूल वेगळी पेटते. प्रत्येक जण म्हणतो, हक्क माझा आहे, आणि पुष्कळदा तो असतोही. हक्क सोडावा असे मी म्हणत नाही. हक्कासाठी झगडायला बाबासाहेबांनीच शिकविले. परंतु घरातली दुबळी व्यक्ती, म्हणजे विधवा वहिनी, न शिकलेली बहीण, आजारी दीर, तिला भिंतीशी रेटून जे आसन मिळते, त्यावर बसून पंचशील म्हणता येत नाही. लंकेत तो प्रयोग सव्वीस वर्षे होऊन गेला आहे. त्याचे छप्पर उडालेले घर मी बसच्या खिडकीतून पाहून आले.

येत्या पौर्णिमेला वंदनेसाठी घरी सगळे एकत्र बसाल, तेव्हा ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्यालाही बोलवा. मामा असो, भाचा असो. एवढे केले तरी नागदीपाला जाऊन आल्यासारखेच आहे, आणि त्याला पासपोर्ट लागत नाही.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.